होडीचं नाक वरच्या अंगाला

आधी ट्रंक होडीत ठेवायची की आधी मला बसवायचं, यावरून रत्नाक्का आणि तिचा भाचा घाटावर हमरीतुमरीवर आले होते. भाच्याचं, म्हणजे नेमिनाथचं, म्हणणं असं की बाई सुकाणूवर नीट बसल्या की होडी डुलायची थांबेल, मग ट्रंक ठेवू. रत्नाक्काचं म्हणणं, ट्रंकेत तिचे लाडू आहेत आणि ते भिजले तर पुण्याला पोचेपर्यंत त्यांचं पिठलं होईल. माणूस भिजलं तर वाळतं, लाडू वाळत नाही. मी मधल्या पायरीवर उभी राहून पलीकडच्या काठाकडे बघत होते. तिकडच्या घाटाच्या वर एसटी येऊन थांबली होती.

श्रावण सरत आला होता. वारणेचा पूर ओसरला होता, तरी पाण्याला चांगली ओढ होती. शिरगोळला त्या काळी पूल नव्हता. सांगलीला जायचं तर होडीनं पलीकडे जायचं आणि तिथून एसटी धरायची. ड्रायव्हर-कंडक्टर निवांत चहा प्यायचे आणि होडीतली माणसं वर चढली की गाडी हलायची. त्या दिवशी नेहमीचा नावाडी तापानं पडला होता, म्हणून मला पोचवायचं काम नेमिनाथनं मागून घेतलं होतं. निदान रत्नाक्कानं मला तसं सांगितलं.

खरं म्हणजे मी जाणारच नव्हते.

मी शिरगोळच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायची आणि रत्नाक्काच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहायची. पुण्याला संशोधनासाठी जागा मिळाली, तेव्हा गावानं माझा नारळ-टॉवेल देऊन सत्कारही केला. त्या दिवशी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्यात हजर झाले नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट फक्त मला आणि हेडमास्तरांना ठाऊक होती. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं होतं, माझी जागा भरू नका, मी राहते. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि घरी कळवलंय का एवढंच विचारलं. घरी कळवण्यासारखं काय होतं? ज्याला कळवायचं त्यालाच अजून सांगितलं नव्हतं.

मला पदार्थविज्ञान आवडायचं. अगदी जीव जाईल इतकं आवडायचं. आणि मला नेमिनाथ हवा होता. दोन्ही एका ट्रंकेत मावण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ट्रंक भरली, आवरून सावरून घाटावर आले आणि न जाण्याचा निश्चय पोटात घेऊन होडीकडे निघाले. हा काय प्रकार, असं कुणीही विचारेल. पण शिरगोळात भिंतींनाच काय, उसालाही कान होते. लग्न न झालेली बाई आणि लग्न न झालेला बाप्या कुणाच्या नजरेत न येता बोलू शकतील अशी एकच जागा त्या गावात होती, आणि ती म्हणजे नदीचा मध्य. तिथं पोचलं की सांगायचं, होडी वळवा. ट्रंक परत आणायची आणि लाडू रत्नाक्काला परत द्यायचे. इतकं साधं होतं ते.

शेवटी ट्रंक आधी चढली. रत्नाक्काशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि पदरानं डोळे पुसले.

"बाई, मागं बघायचं न्हाई हां," ती म्हणाली. "लई शिका. आमच्यासारखं चुलीम्होरं कुजू नगा."

नेमिनाथनं वल्ह्यानं घाट ढकलला आणि होडी पाण्यात सरकली.

ह्या नेमिनाथची आणि माझी ओळख भांडणातून झाली. दोन वर्षांपूर्वी, मी नवी असताना, नववीच्या वर्गात वेग शिकवत होते. पोरांना जवळचं उदाहरण द्यावं म्हणून शिरगोळच्या शर्यतीच्या होडीचं दिलं. त्याच वर्षी गावाच्या होडीनं ढाल जिंकली होती आणि जो तो तिच्या वेगाच्या गोष्टी सांगत होता. मी म्हटलं, काठावरून मोजाल तर होडीचा वेग म्हणजे वल्ह्यांचा आणि नदीचा मिळून असतो. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्यानं मोजला तर नुसता वल्ह्यांचाच उरतो. म्हणजे गावाच्या शाबासकीतला काही वाटा वारणेलाही द्यायला हवा. पोरांनी हे घरी जाऊन सांगितलं, आणि पोरं सांगतात तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नेमिनाथ चौगुले शाळेच्या दारात उभा. त्या होडीचा पुढारी तोच. बाप वारल्यामुळे पहिल्या वर्षातच कॉलेज सोडून गुऱ्हाळ बघत होता, आणि त्याच्या दंडांना अजून गुळाच्या धुराचा वास होता.

"बाई, आमी वल्हं मारतो ते काय पाणी ढवळायला?" त्यानं विचारलं.

मी त्याला सांगितलं की एक नारळ घ्या, होडीच्या बाजूला पाण्यात सोडा आणि मग वल्हवा. नारळ नदीच्या वेगानं जाईल. तो जेवढा मागं पडेल तेवढं तुमचं. गडी तसाच निघून गेला. मला वाटलं, आता ह्याच्या घरून शाळेला दूध यायचं बंद होणार. तीन-चार दिवसांनी तो एकटाच आला, ओलाचिंब, हातात नारळ.

"निम्मं नदीचं हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण निम्मं आमचं हाय, त्ये बी बघितलं."

त्या 'पण'वर माझा जीव जडला. दुसरा कुणी असता तर एक तर भांडला असता, नाही तर तोंड पाडून बसला असता. ह्यानं नदीचं नदीला दिलं आणि आपलं आपल्याकडे ठेवलं. पुढं तो आत्तीकडे, म्हणजे रत्नाक्काकडे, काही ना काही कारण काढून यायला लागला आणि रविवारी मला सुकाणू धरायला शिकवायला लागला. रत्नाक्का काठावर कपडे धूत बसायची, म्हणजे लोकांना बोलायला जागा नको. चातुर्मासात त्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असायचं, म्हणून आमचा वर्गही तिच्या हाकेसरशी सुटायचा. तो मला 'बाई' म्हणायचा आणि मी त्याला 'चौगुले'. दोन वर्षांत त्यात अक्षराचा फरक पडला नाही.

आमच्या त्या वर्गाचा एक नियम होता. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, पुढचं त्याला दिसत नाही. दिसतं ते सुकाणूवर बसलेल्याला. म्हणून कुठं लागायचं ते आधीच नेमिनाथनं सांगायचं आणि होडी किती तिरकी धरायची ते मी ठरवायचं. समोर लागायचं तर समोर नाक करून चालत नाही, नदी खाली ओढून नेते. नाक वरच्या अंगाला, प्रवाहाविरुद्ध, तिरकं धरायचं, मग होडी जाते तिरकी आणि लागते समोर. किती तिरकं, ते ओढीवर अवलंबून. सुरुवातीला माझा अंदाज हमखास चुकायचा आणि आम्ही कुणाच्या तरी मिरचीच्या शेतात जाऊन लागायचो. पुढं पुढं मात्र तो सांगेल त्या दगडाला मी होडी लावायची.

त्या दिवशी वल्ही पाण्यात घालताना तो म्हणाला, "पिंपळ."

पिंपळ पलीकडच्या काठावरच होता, पण घाटाच्या बराच वरच्या अंगाला. तिथं ना वाट, ना पायरी. झाडाखाली गवत, मागं ऊस, आणि एसटीतून किंवा शिरगोळच्या घाटावरून दिसणारही नाही असा आडोसा. घाटावर सोडायचं सोडून हा मला पिंपळाखाली नेतोय. म्हणजे ह्यालाही काही बोलायचं आहे! मला आता तोंड उघडायची गरजच उरली नव्हती. तो विचारेल आणि मी हो म्हणेन. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते त्या झाडाखाली ठेवलेलं होतं आणि तिथं नीट नेऊन लावणं माझ्या हातात होतं.

मी ओढ बघितली आणि पिंपळाच्याही वर, पार पंपघराच्या छपराकडे नाक करून होडी धरली.

इतकं मन लावून मी आयुष्यात काही केलं नसेल. नेमिनाथ समोर बसून वल्हवत होता आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या पायांशी बघत होता. दोन-तीनदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. नदीचा मध्य आला आणि गेला. मी ठरवलेलं वाक्य मी गिळलं, कारण आता ते बोलायचं काम त्याचं होतं. मधे एकदा तो म्हणाला की आज नदी रुंद वाटतेय. मी म्हटलं, हो.

होडी पिंपळाच्या मुळाशी अलगद टेकली. तसूभरही इकडे तिकडे नाही. मी सुकाणू सोडलं, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसले.

नेमिनाथनं मान वळवून मागं बघितलं. मग वर बघितलं. मग माझ्याकडे.

"हितं कशाला आणलीसा?"

"तुम्हीच म्हणालात. पिंपळ."

"घाटाला लागायचं म्हणून म्हणालो की. पिंपळाकडं नाक केलं की नदी बरोबर घाटाला नेती." त्याच्या लक्षात आलं तसं तो जरा ओशाळला. "आज तुमचं ध्यान ठिकाणावर नसंल, असं वाटलं. म्हणून तिरकं किती धरायचं त्ये मीच धरून सांगितलं. तुमचं काम मीच करून टाकलं."

नदीची ओढ त्यानं एकदा हिशेबात धरली होती आणि मी पुन्हा एकदा धरली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणे दोन होते. मला हसू आलं आणि मग आवरेना. तोही हसायला लागला, वल्ह्यावर डोकं टेकून, खांदे हलवत. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं नव्हतं, पण दोन्ही पाणी सारखंच दिसतं.

"आता वल्हं मारायला नगं," तो म्हणाला. "काठाकाठानं नदीच खाली घेऊन जाईल."

त्यानं पिंपळाच्या मुळाला हात लावून होडी सोडवली, नाक खालच्या अंगाला केलं आणि दोन्ही वल्ही आत ओढून घेतली.

पाण्याबरोबर वाहणाऱ्या होडीतून पाणी हलताना दिसत नाही. हे मी कितीदा तरी शिकवलं होतं, पण असं हात बांधून कधी बसले नव्हते. एक उसाचं पाचट होडीपासून हातभर अंतरावर तरंगत होतं, ते तिथंच राहिलं. फेसाचा एक गोळा तिथंच राहिला. खळखळ नव्हती, वल्ह्याचा आवाज नव्हता. काठाकडे बघितलं नाही तर आम्ही कुठंच चाललो नव्हतो. मी काठाकडे बघत नव्हते. नेमिनाथ माझ्यासमोर बसला होता, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, आणि त्याच्याही नजरेत काठ नव्हता. मला वाटलं, बस्स, एवढंच दे. दुसरं काही मागत नाही.

आणि आता बोलायचं माझ्यावरच आलं होतं. मी बोलले.

"चौगुले, मी जात नाही. हेडमास्तरांना काल सांगितलं. माझी जागा भरू नका म्हटलं."

त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. निदान आश्चर्य वाटेल असं तरी. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"काल?"

"काल संध्याकाळी."

"परवा माझी सुपारी फुटली, बाई."

परवा रत्नाक्का इरकल लुगडं नेसून, केसांना तेल लावून, पाहुण्यांकडे पूजा आहे म्हणून सकाळीच गेली होती. येताना माझ्यासाठी पेढा आणला होता. मी तो खाल्लाही होता, प्रसाद म्हणून.

"कुणाशी?" मी विचारलं. काही तरी विचारायला हवं होतं.

"सुलोचना नाव हाय. मामाच्या गावची." त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले, परत उचलले, परत ठेवले. "आत्ती म्हणाली, बाई काय जात न्हाईत बघ. तुझ्यापायी ऱ्हातील. आणि धा वर्सांनी गुऱ्हाळाच्या धुरात डोळं चोळत बसतील, तवा तुला श्याप देतील. मलाबी तसंच वाटालतं. तुमी ऱ्हाशीला, असं वाटालतं. म्हणून हो म्हणालो."

"मी राहू नये म्हणून?"

"तुमाला मोकळं जाता यावं म्हणून."

"मला विचारायचं तरी."

"तुमी तरी कुठं सांगितलंसा?"

मला त्याचा राग आला. रत्नाक्काचा आला, तिच्या लाडवांचा आला. पण त्या रागाखाली जे होतं ते निराळंच होतं. हा माणूस माझा जीव ओळखून होता. मी काय करीन हे माझ्या आधी त्याला कळलं होतं आणि त्यानं माझ्यासाठी स्वतःला माझ्यापासून तोडून टाकलं होतं. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही. पुढंही कुणी केलं नाही. ते नेमकं हाताशी आलं तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

"मोडता येईल?" मी विचारलं. हे मी विचारलं, आणि विचारल्याची मला लाज वाटत नाही.

तो लगेच नाही म्हणाला नाही. मग म्हणाला, तिचा बाप थकलेला आहे, थोरल्या बहिणीचं असंच एकदा मोडलेलं आहे, ती अजून घरात बसून आहे. सुपारीच्या दिवशी सुलोचनानं त्याला पाणी आणून दिलं तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते की निम्मं पाणी ताटलीत सांडलं. एवढं सांगून तो थांबला. मोडणार नाही असं तो म्हणाला नाही, मोडतो असंही म्हणाला नाही. मीच ठरवावं असं त्याला वाटत होतं की काय, कुणास ठाऊक.

पाचट अजून हातभर अंतरावरच होतं. आमच्यातलं कुणीही हललं नव्हतं. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला, आणि मी काठाकडे बघितलं.

घाट जवळ येत होता. आधी वरची पायरी दिसली, मग कंडक्टर दिसला, कमरेवर हात ठेवून उभा. खालच्या पायरीपाशी दगडात रोवलेली, होड्या बांधायची साखळी लोंबत होती. नेहमी नेमिनाथ वल्ह्यानं होडी थोपवायचा आणि मग साखळीचा आकडा शांतपणे होडीच्या कडीत अडकवायचा, म्हणजे बाईमाणसाला धक्का नको. त्या दिवशी वल्ही तळाला पडून होती आणि त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. घाटाच्या खाली पुढं नुसता ऊस होता. तिथवर वाहत गेलो असतो तर चिखलातून ट्रंक घेऊन परत येईपर्यंत एसटी गेली असती, पुणं गेलं असतं, आणि उरलेलं मग ज्याचं त्यानं बघितलं असतं.

साखळी माझ्या बाजूला होती. मी हात लांब केला आणि आकडा पकडला.

"नका लावू," नेमिनाथ म्हणाला.

दोन वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आवाज इतका हळू होता की पाण्याला थोडी जरी खळखळ असती तर मला ऐकूच आला नसता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता. मला तो हवा होता. त्या क्षणी जितका हवा होता तितकं मला नंतर काहीच हवंसं वाटलं नाही. आणि मला सारखे ते पाणी सांडणारे हात दिसत होते, मी कधी न पाहिलेले.

मी आकडा कडीत अडकवला.

साखळी ताणली गेली आणि होडी खाडकन थांबली. तो हिसका मला बसला तेवढाच त्यालाही बसला. मी पुढं, त्याच्या दिशेनं ढकलली गेले. त्याची पाठ पुढं होती, म्हणून तो तेवढाच मागं, माझ्यापासून दूर गेला. दोघांनीही आधाराला हात पुढं केले होते. आमच्यातलं अंतर होतं तेवढंच राहिलं.